परदेशी गिऱ्हाइकाला वाईट बातमी कधी, कोणी आणि कशी सांगायची? बडोद्यातल्या एक्स्पोर्टवाल्यांनी जरूर लिहा

वाडीवाली
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये एक्स्पोर्ट कोऑर्डिनेशन बघते. आमच्याकडे हीट एक्स्चेंजर आणि छोटी प्रेशर व्हेसल्स (दाब सहन करणाऱ्या टाक्या) बनतात, बराचसा माल जर्मनीला आणि ओमान-सौदीला जातो, आणि गिऱ्हाइकाशी रोजचं बोलणं, इन्स्पेक्शनच्या तारखा, कागदपत्रं सगळं माझ्याच टेबलावर.

परदेशी लोकांबरोबर काम कसं करायचं याचं ट्रेनिंग आम्हालाही झालंय. दिवसभर स्लाइड्स, जपानी माणसाला व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, अरबाला डाव्या हाताने काही देऊ नका, जर्मन मीटिंगला पाच मिनिटं आधीच बसा वगैरे. सगळं खरंय, पाळायलाच हवं, पण यातल्या कुठल्या गोष्टीवरून ऑर्डर अडलेली मी तरी बघितली नाही. कार्ड एका हाताने दिलं म्हणून कुणी पेमेंट थांबवत नाही हो. गाडी अडते ती एकाच ठिकाणी. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, काहीतरी बिघडतं, आणि ते तिकडे कधी कळवायचं, कोणी कळवायचं, यावर.

आत्ताचंच सांगते. एका व्हेसलच्या लाँग सीममध्ये, म्हणजे लांबीच्या वेल्डमध्ये, रेडिओग्राफीत (एक्स-रेसारखी फिल्म काढतात ती) पोरोसिटी, म्हणजे हवेची बारीक भोकं निघाली. हे होतंच, हवेत दमटपणा असला आणि इलेक्ट्रोड नीट बेक झाले नसले की हमखास होतं. तेवढा भाग गाउज करायचा म्हणजे खरवडून काढायचा, परत वेल्ड भरायचं, परत फिल्म काढायची, कोडमध्ये रिपेअरला परवानगी आहेच. पण दिवस जातात, कारण इरिडियमचा किरणोत्सारी सोर्स बाहेर काढायचा तर शॉप रिकामं लागतं, म्हणजे एक्स्पोजर रात्रीच, आणि रेडिओग्राफीवाला आपल्या एकट्यासाठी मोकळा बसलेला नसतो. मला शॉपमधून निरोप आला की जर्मनीला आत्ता काही कळवू नका, रविवारी उरकून टाकू, तारीख सांभाळून घेऊ. रविवारी रेडिओग्राफीवाला आलाच नाही. तिकडून इन्स्पेक्टरचं तिकीट निघालेलं, आणि तो विमानात बसायच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडून कळवलं गेलं की जॉब तयार नाही.

जर्मनीहून दोन ओळींचं उत्तर आलं. पोरोसिटीबद्दल एक अक्षर नाही, रिपेअर कसं करणार तेही विचारलं नाही. विचारलं एवढंच, की हे तुम्हाला कुठल्या तारखेला कळलं होतं? आणि पुढच्या ऑर्डरच्या क्वालिटी प्लॅनमध्ये जिथे तिथे होल्ड पॉइंट टाकले, म्हणजे आता प्रत्येक स्टेजला फोटो पाठवा, त्यांचा ओके येईपर्यंत हात लावू नका. वेल्ड खराब निघालं म्हणून विश्वास गेला नाही, मधले दिवस गप्प बसलो म्हणून गेला.

मला वाटतं आपल्याकडे वाईट बातमी उपाय सापडल्यावर सांगायची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला उगाच घोर कशाला, आधी निस्तरू, मग सांगू. यात लबाडी नसते, समोरच्याची काळजीच असते, घरातसुद्धा आपण असंच वागतो. पण तिकडे ते सरळ लपवणं ठरतं. जर्मनी सोडून बाकी देशांत कसं चालतं, तुमच्याकडे कोण कळवतं, काय लिहितं, ते सविस्तर सांगाल का?

जुना_मस्कतवाला
ताई, विषय फार चांगला काढलात. मी प्रोजेक्टवर आयुष्य काढलं, आधी ओमान मग सौदी, आता मांजलपूरला निवांत आहे. एक सांगतो, जर्मनीचं औषध मस्कतला देऊ नका. जर्मनीत लगेच आणि लेखी कळवणं चांगलं, पण खाडीत तुम्ही वीस जणांना सीसी करून "डिले" असा विषय टाकून मेल मारलात तर तुमचा माणूस त्याच्या साहेबापुढे उघडा पडतो. त्याने तुमची कंपनी निवडलेली असते, त्याच्या शब्दावर ऑर्डर मिळालेली असते. अशा मेलनंतर तो तुमच्याशी गोड बोलेल पण पुढची इन्क्वायरी येणार नाही, आणि कारण कधी कळणारही नाही.

खाडीत आधी फोन. तिथे आपलं ऑफिस असेल तर माणूस समोर जाऊन बसलेला बरा. कॉफी येते, खजूर येतो, तब्येत-प्रवास-मुलाबाळांची चौकशी होते, आणि ते होऊ द्यायचं, घड्याळ बघायचं नाही. कॉफी पुरे झाली की छोटा कप हातात जरा हलवून परत द्यायचा, नाहीतर तो पोरगा भरतच राहतो. मग सांगायचं की असं असं झालंय, तुमच्या कानावर घालायला मुद्दाम आलो. पुढे कोणाला आणि कसं सांगायचं ते तो ठरवतो. तुम्ही मागाहून मेल टाकायचा की आपलं बोलणं झाल्याप्रमाणे अमुक अमुक. म्हणजे लेखी येतंच, फक्त दुसऱ्या नंबरला येतं.

आणि हे सांगणारा माणूस वजनदार हवा. नवीन पोरीपोरांच्या हाती वाईट बातमी दिली की गिऱ्हाइकाला वाटतं आपली किंमत ठेवली नाही. शेठनी स्वतः फोन करायला हवा.

वार लक्षात ठेवा. ओमान आणि सौदीला शुक्र-शनि सुट्टी, २०१३ पर्यंत गुरु-शुक्र होती. दुबई-अबूधाबीने जानेवारी २०२२ पासून शनि-रवि केली, शुक्रवारी अर्धा दिवस. आपल्याकडे अजून सगळे "गल्फ म्हणजे शुक्रवार" एवढंच धरून चालतात आणि सौदीला शनिवारी फोन लावत बसतात. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचं शेड्यूल पुढच्या वर्षी चालत नाही.

मंजुसर_लाइन
मी सावली-मंजुसर पट्ट्यात एका ऑटो पार्ट्सवाल्याकडे प्रॉडक्शनला आहे, आमचं गिऱ्हाईक जपानी. वाडीवाली, तुम्ही म्हणता ते तिथे अजूनच पुढे गेलंय. जर्मन माणसाला कारण आणि नवी तारीख हवी असते ना, जपानी माणसाला कारण सापडायच्याही आधी सांगितलेलं हवं असतं. काहीतरी वेगळं वाटतंय, अजून कळलं नाही काय, बघतोय, एवढंसुद्धा सांगायचं. आपल्याला हे अर्धवट वाटतं, हातात काही नसताना काय तोंड दाखवायचं असं वाटतं. पण त्यांच्याकडे अर्धी बातमी वेळेवर आली तर तो माणूस भरवशाचा.

टोयोटाच्या लाइनवरची दोरी तुम्ही ऐकली असेल, कामगाराला काही चुकीचं दिसलं की तो ओढतो, लीडर धावत येतो आणि वेळेत निपटलं नाही तर लाइन थांबते. आमच्याकडे पण तसा दिवा-बटण लावलं. सुरुवातीला कुणी हात लावायला तयार नाही, सगळ्यांना वाटायचं दाबलं की आपलं नाव लागणार. मग जपानी ॲडव्हायझर लाइनवर येऊन उभा राहायला लागला. एकदा प्रेसवरच्या ट्रेनी पोराने बर (कडेला राहिलेला धारदार कंगोरा) दिसला म्हणून बटण दाबलं. हा पोराजवळ गेला, पार्ट हातात घेतला, अंगठा फिरवून बघितला, आणि पहिल्यांदा त्या पोराला वाकून थँक्यू म्हणाला. सगळ्या शॉपने बघितलं. सुपरवायझर बाजूला उभा होता, त्याला काही बोलायला जागाच राहिली नाही. तेव्हापासून बटणं दाबली जायला लागली. कितीही पोस्टर लावले असते तरी झालं नसतं.

अजून एक, मीटिंगमध्ये नवीन वाईट बातमी टाकायची नाही. मीटिंगच्या आधी एकेकाला भेटून सांगून ठेवायचं, मीटिंग फक्त शिक्का मारायला. निर्णयाला वेळ लागतो, आपल्याला वाटतं काहीच हालत नाही, पण एकदा ठरलं की मग सगळे एका दिशेने कामाला लागतात, आपल्यासारखं ठरल्यानंतर भांडण नाही.

आणि ते गप्प बसतात ना, त्याची भीती बाळगू नका. रेट सांगितल्यावर ते मान खाली घालून विचार करतात, अर्धा मिनिट, एक मिनिट. आपला सेल्सवाला त्या शांततेत घाबरतो आणि स्वतःहून दोन टक्के कमी करतो. समोरच्याने मागितलेलं पण नसतं!

दांडियाबाजारकर
सगळं वाचलं. चांगलं आहे, पण मला हे संस्कृती संस्कृती फारसं पटत नाही. मी छोटं युनिट चालवतो म्हणून सांगतो. वेल्डर बातमी का दाबतो? कारण तो जॉबवर्कवर आहे, इंचावर पैसे मिळतात, रिपेअर त्याच्या खिशातून जातं. फोरमन का दाबतो, कारण महिन्याच्या टनेजवर त्याला बोलणी खावी लागतात. शेठ का दाबतो, तर पीओमध्ये, म्हणजे ऑर्डरच्या कागदात, एलडी म्हणजे उशिराचा दंड लिहिलेला असतो, आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के, बहुतेक ठिकाणी असंच काहीतरी असतं, आणि आपलं मार्जिनच मुळात तेवढं. वरून बातमी सांगितली की पर्चेसवाला पुढच्या वेळी तीच काढून रेट पाडतो. मग कोण सांगेल? जर्मन माणसाला आमच्या जागी बसवा, इंचावर पैसे द्या, तोही गप्प बसेल.

जपानी गिऱ्हाईक थँक्यू म्हणतं हे छान आहे, पण त्यांच्या कामगाराला महिन्याचा पगार मिळतो, बटण दाबलं म्हणून त्याचा रोज कापला जात नाही. आधी हे बघा मग संस्कृतीवर या. आपली माणसं लपवाछपवी करणारी असतात हे ऐकून ऐकून मला खरंच वाईट वाटतं, माझे वेल्डर सोन्यासारखी माणसं आहेत.

वाडीवाली
दांडियाबाजारकर दादा, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. वेल्डरच्या खिशाचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि कुठल्याही ट्रेनिंगवाल्याने हा सांगितला नव्हता. आमच्याकडेही पहिली रिपेअर कंपनीच्या खर्चात करा असं मी मांडून बघतेय, म्हणजे फिल्म खराब आली तर वेल्डर स्वतःच येऊन सांगेल.

पण सगळं पैशावर ढकलता येत नाही असं मला अजूनही वाटतं. आमचा स्टोअरवाला पगारी आहे, त्याला एलडीशी काही देणंघेणं नाही, तरी गॅस्केट आले नाहीत हे तो विचारल्याशिवाय सांगत नाही. विचारलं की म्हणतो, आज येणारच होते ना बेन, म्हणून बोललो नाही. त्याला मनापासून वाटतं की येणारच आहे तर माझ्या डोक्याला ताप कशाला. तो चांगला माणूस आहे, आणि याच चांगुलपणाची तिकडे पंचाईत होते.

फार्माताई
मी औषध कंपनीत रेग्युलेटरीमध्ये, अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिकडच्या औषध नियामकाचे, ऑडिट बघितलेली. आमच्या लाइनमध्ये हा विषय जीवनमरणाचा आहे आणि मी अक्षरशः तळमळीने लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकन माणसाच्या कौतुकावर जाऊ नका. ऑडिटर हसतमुख असतात, छान आहे, मस्त ठेवलंय म्हणतात, आपली माणसं खूश होतात, संध्याकाळी सगळीकडे फोन जातात की उत्तम चाललंय. आणि शेवटच्या दिवशी फॉर्म ४८३ वर ऑब्झर्वेशन्सची, म्हणजे सापडलेल्या त्रुटींची, रांग. यात त्यांचा दुटप्पीपणा काही नसतो. त्यांच्याकडे माणसाशी चांगलं वागणं हा वेगळा भाग आणि कागदावर लिहायचं ते वेगळं. आपण दोन्ही एकत्र धरतो. ४८३ हातात पडल्यावर १५ वर्किंग डेजमध्ये उत्तर द्यावं लागतं, नाहीतर वॉर्निंग लेटर काढायचं की नाही हे ठरवताना तुमचं म्हणणं विचारात घेतील याची खात्री नाही.

दुसरं, ऑडिटर मशीनवरच्या ऑपरेटरला विचारतो आणि उत्तर देतो त्याच्या मागे उभा असलेला मॅनेजर. हे मी इतक्यांदा बघितलंय. आपल्या दृष्टीने वरिष्ठ समोर असताना ऑपरेटरने बोलणं बरं दिसत नाही, मॅनेजर त्याला सांभाळून घेतो. पण ऑडिटर वहीत लिहितो की ऑपरेटरला स्वतःचं काम सांगता आलं नाही किंवा सांगू दिलं नाही. आम्ही आता रिहर्सल घेतो, मॅनेजर खोलीबाहेर, ऑपरेटर एकटा, आणि माहीत नसेल तर "माहीत नाही, एसओपी (कामाची लेखी पद्धत) बघून सांगतो" असं म्हणायची सवय लावतो. गुजराती-मराठीत बोलला तरी चालतं, दुभाषा असतो. सुरुवातीला त्यांना हे फार जड जातं, माहीत नाही म्हणणं म्हणजे कमीपणा वाटतो.

आणि मोठ्या पातळीवर बघायचं तर रॅनबॅक्सी ही आपली औषध कंपनी. जपानच्या दाईची सांक्योने २००८ मध्ये घेतली, त्याच वर्षी एफडीएची आयात बंदी आली, २०१४ मध्ये त्यांनी ती सन फार्माला द्यायचं जाहीर केलं, आणि २०१६ मध्ये सिंगापूरच्या लवादाने माहिती लपवल्याबद्दल जुन्या प्रवर्तकांविरुद्ध अडीच हजार कोटींहून जास्त भरपाईचा निकाल दिला. सनचं संशोधन केंद्र आपल्या बडोद्यात, त्यामुळे इथे हा किस्सा सगळ्यांना तोंडपाठ. वाईट बातमी वेळेत न सांगण्याची किंमत किती होऊ शकते ते यात दिसतं.

कारेलीबाग_आयटी
छोटीशी गोष्ट पण कामाची. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम वापरतात आणि हजाराला टिंब. त्यांची १.५०० म्हणजे दीड हजार. ड्रॉइंगवर १२,५ मिमी म्हणजे साडेबारा, हे शॉपवाल्यांना कळतं. पण त्यांच्या सिस्टीममधून आलेली फाइल आपल्या एक्सेलमध्ये उघडली की १.५०० चं गुपचूप १.५ होतं, आणि कुणी राउंड केलं तर २. उलट आपण लाखात १,२५,००० लिहिलं की तिकडचा माणूस गोंधळतो. तारखेचं पण तसंच, अमेरिकेला ०४/०५ म्हणजे ५ एप्रिल. महिना अक्षरात लिहा, आकडे आलेत तसे शब्दांत कन्फर्म करून घ्या.

फार्माताई
तारखेला +१. आमच्या लेबलवर महिना अक्षरांतच.

खंडेराव_मार्केट
मी उलट्या बाजूचा आहे, माल घेतो. कास्टिंग आणि काही मोटर पार्ट्स चीनमधून. तिकडचा सप्लायर अगदी आपल्यासारखा वागतो बघा. नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम, आणि कंटेनर काही निघत नाही. इथे बसून मी जेवढा वैतागतो तेवढाच तो जर्मन वाडीवालींवर वैतागत असणार, हे आता कळतंय.

मला तिथे उपयोगी पडलं ते म्हणजे त्यांच्या सेल्सच्या मुलीला वीचॅटवर, ग्रुपमध्ये नाही, एकटीला विचारणं. तेही "तयार आहे का" असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर हो असंच येणार. "आज कुठल्या स्टेजला आहे, फोटो पाठव" असं विचारायचं. फोटोत पेंट नसेल तर पेंट नाही, विषय संपला. तिला खोटं बोलावं लागत नाही आणि मला खरं कळतं. आपल्या वेंडरलाही मी आता असंच विचारतो, रणोलीच्या प्लेटिंगवाल्याला सुद्धा.

चिनी नवीन वर्षाची सुट्टी कागदावर आठवडाभराची, पण कारखान्यातले लोक लांब गावाला जातात, आधीचे आणि नंतरचे दिवस धरून तीन-चार आठवडे गेलेच समजा. आणि १ ऑक्टोबरपासून परत आठवडा.

कमाटीबाग
सगळ्यांचं वाचून एक प्रश्न पडतो की बदलायचं फक्त आपणच का? ऑगस्टमध्ये जर्मनीत मेल करून बघा, ड्रॉइंग ॲप्रूव्हल अडकलंय, माणूस तीन आठवडे रजेवर, त्याच्या जागी कोणी नाही, आणि डिलिव्हरीची तारीख मात्र तीच. कायद्यानेच किमान २० दिवस रजा त्यांना, कंपन्या त्याहून जास्त देतात. द्या ना, माणसाने विश्रांती घ्यावी, मला त्यांचं हे आवडतं. पण आपण उत्तरायणाला दोन दिवस बंद म्हटलं की त्यांना नवल वाटतं. नाताळची सुट्टी संपवून ते ताजेतवाने होऊन येतात आणि बरोब्बर १४ जानेवारीला इन्स्पेक्शन ठेवतात. १४ आणि १५ला बडोद्यात शॉपमध्ये कोण सापडणार, सगळं गाव गच्चीवर!

तसंच होळीचं. आपल्याकडे दाहोद, छोटा उदेपूरकडची कारागीर मंडळी आहेत, त्यांचा मोठा सण होळी, दिवाळी नाही. होळीला गेले की परत कधी येतील सांगता येत नाही. आणि दिवाळीत लाभपाचमेपर्यंत मुहूर्तच नाही, शटर उघडतच नाही बरेच जण. हे आपण त्यांना सांगतो का? आपण ऑर्डर घेताना गप्प बसतो, वाटतं सुट्ट्या सांगितल्या तर ऑर्डर जाईल. माझं म्हणणं आहे की कोटेशनबरोबरच वर्षाचं कॅलेंडर द्या. आम्ही देतो. एकानेही तक्रार केलेली नाही, उलट एका डच पर्चेसवाल्याने तिकडून त्यांचं कॅलेंडर पाठवलं.

पाहुणे आले की पण आधीच सांगावं, गुजरातमध्ये दारूबंदी आहे, परदेशी पाहुण्यांना परमिट मिळतं, त्याची माहिती हॉटेल देतं. रात्रीच्या जेवणाला बिअर नाही याचं त्यांना वाईट वाटत नाही, आयत्या वेळी कळलं की अवघडल्यासारखं होतं. शाकाहाराचंही तेच.

आणि बडोद्याला परदेशी माणसांबरोबर काम करणं नवीन थोडीच आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. तो तीन वर्षं राहिला, सेंट्रल लायब्ररी आणि राज्यभर मोफत वाचनालयांची व्यवस्था उभी केली, इथल्याच लोकांसाठी शिक्षणाचे वर्ग काढले आणि गेला. पुढे ती व्यवस्था इथल्या माणसांनी वाढवली, गावोगाव पेट्यांमधून पुस्तकं फिरायची. महाराजांनी माणूस बाहेरून आणला पण हात इथलेच तयार करून घेतले, म्हणून तो गेल्यावर काही कोसळलं नाही. मला वाटतं देवाणघेवाण करावी तर अशी.

मंजुसर_लाइन
कॅलेंडरची आयडिया सुंदर. जपानचं सोपं आहे, एप्रिल अखेर ते मे सुरुवात गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन. आर्थिक वर्ष मात्र आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, तेवढं एक जुळतं.

टाटा-एअरबसचा सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा प्लांट आपल्याकडे आलाय, ५६ पैकी ४० विमानं इथे जुळवायची आहेत. आसपासच्या छोट्या वेंडरांना ते काम मिळावं असं फार वाटतं. पण विमानाच्या पार्टमध्ये झालेला डाग लपवून पुढे ढकलणं म्हणजे काय ते सांगायला नको. हा धागा त्या सगळ्यांनी वाचावा.

दांडियाबाजारकर
कमाटीबाग, तुमचं कॅलेंडर मला पाठवा. आणि वाडीवाली, मी काल वेल्डरांशी बोललो. पहिली रिपेअर माझ्या खर्चात, दुसरी अर्धी-अर्धी, पण फिल्म बघितल्या दिवशीच मला सांगायचं असं ठरवलंय. बघू कसं चालतं, इथे लिहीनच. संस्कृतीवर मी अजून तुमच्याशी सहमत नाही हं.

नवखा_वाघोडिया
मी सहा महिन्यांपासून एक्स्पोर्टला आहे, धागा पूर्ण वाचला, खूप शिकायला मिळालं. सध्या माझ्याकडे नेमकं हेच आहे. दोन गिऱ्हाइकं, एक जर्मनी एक ओमान, एकाच लॉटमधले फ्लँज (पाइप जोडायच्या कड्या), मटेरियल टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टील कुठल्या वितळणीतलं ते सांगणारा) आणि फ्लँजवर पंच केलेला नंबर जुळत नाहीये. स्टील मिलकडून खुलासा यायचा आहे. मेल काय लिहू?

वाडीवाली
जर्मनीला आजच लिहून ठेव, उद्यावर टाकू नकोस. मजकूर मराठीत सांगते, इंग्रजी तुझं कर. "आज इनकमिंग तपासणीत आयटम अमुकच्या फ्लँजवरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळत नाही असं दिसलं. फोटो जोडलाय. हा लॉट आम्ही बाजूला काढून होल्ड टॅग लावला आहे, वापरात नाही. मिलला कळवलंय, त्यांचं उत्तर अमुक तारखेपर्यंत अपेक्षित. उत्तर आलं नाही तर त्या तारखेला आम्ही नवीन मटेरियल मागवू, आणि तसं झाल्यास डिस्पॅच इतके दिवस पुढे जाईल. पुढची माहिती अमुक वारी देतो." बस, एवढंच. सॉरी एकदा पुरे, चार वेळा लिहिलं की त्यांना कळत नाही नेमकं झालंय काय. आणि ज्या वारी माहिती देतो म्हटलंस त्या वारी द्यायचीच, मिलकडून काही आलं नसलं तरी "अजून आलं नाही" असं लिहून. याची सवय आपल्याला सगळ्यात कमी आहे.

वेळेचं बघ, उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. त्यांच्या सकाळी पोचलं तर त्याच दिवशी उत्तर येतं.

नवखा_वाघोडिया
थँक्यू ताई. शेठ म्हणतात मेलवर तुझंच नाव टाक, ओमानलाही तोच मेल जाऊ दे.

जुना_मस्कतवाला
जर्मनीला तुझं नाव चालेल बाळा. ओमानला तो मेल अजिबात जाऊ देऊ नकोस. शेठना सांग, फोन मी लावून देतो, बोला तुम्ही. दोन मिनिटांचं काम आहे. त्यांना काय बोलायचं ते एका कागदावर चार ओळींत लिहून दे, मिलचं नाव आणि तारीख ठळक.

नवखा_वाघोडिया
काका, आज रविवार आहे, तिकडे ऑफिस उघडं असेल ना?

जुना_मस्कतवाला
रविवार त्यांचा आठवड्याचा पहिला दिवस. त्यांचे दहा म्हणजे आपले साडेअकरा, तेव्हा लाव. त्याआधी फ्लँजचे फोटो शेठच्या मोबाइलवर टाकून ठेव, तो विचारेलच.